एलिंग्टन, कोल्ट्रेन आणि माझी पेटी

मी पेटी वाजवतो. सोलो वगैरे नाही, संगत. भजनी मंडळ, कोजागिरीचा कार्यक्रम, सोसायटीचा गणपती, कुणाच्या क्लासची गुरुपौर्णिमा, जिथे बोलावतील तिथे जातो. दिवसा नोकरी आहे आणि वीसेक वर्षं हे असंच चाललंय. हे आधी सांगून टाकतो कारण पुढे जे लिहिलंय ते जॅझवर आहे आणि जॅझ मी कुणाकडे शिकलेलो नाही, जे काही कानाला लागलं ते पेटीवाल्याच्या कानाला लागलंय, तेवढं धरून वाचा.

सुरुवात माझ्या तबलजी मित्रामुळे झाली. एका रात्री अकरा वाजता त्याने एक लिंक पाठवली आणि खाली एकच ओळ, "पियानो ऐक. फक्त पियानो." मी ते दुसऱ्या दिवशी सकाळी डोंबिवली फास्टमध्ये उभ्याने ऐकलं, स्वस्तातले इअरफोन, बाजूला कुणाचा तरी मोठमोठ्याने चाललेला फोन, आणि मला ते बरं वाटलं. बरं म्हणजे शांत, हळू, मोठ्या हॉटेलात जेवताना मागे लावतात तसं. मी अंगठा पाठवून दिला. लगेच त्याचा फोन. "तू सॅक्सोफोन ऐकलास ना? सगळे सॅक्सोफोनच ऐकतात. म्हणून तर सांगितलं होतं पियानो ऐक."

गाणं होतं 'इन अ सेंटिमेंटल मूड'. पियानोवर ड्यूक एलिंग्टन, टेनर सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन, बेसवर, म्हणजे खालच्या सुरांच्या त्या मोठ्या तंतुवाद्यावर, ॲरन बेल आणि ड्रम्सवर एल्विन जोन्स. सगळं मिळून सव्वाचार मिनिटं. तेवढ्या सव्वाचार मिनिटांवर मी पुढे जवळजवळ चार महिने घालवले.

त्या रात्री घरी आल्यावर मुलीचे चांगले हेडफोन मागून घेतले, दिवा बंद केला आणि फक्त पियानो धरायचा असं ठरवून परत लावलं. सुरुवात पियानोने होते. वरच्या पट्टीत एक छोटीशी आकृती, मोजके सूर, वर जाते आणि जरा लटकल्यासारखी थांबते, मग परत तीच. आणि मध्ये मोकळी जागा. मला आधी वाटलं की आता भरेल, आता काहीतरी येईल, आमच्याकडे पेटीवाल्याला सुरुवातीला दोन मिनिटं मिळाली तर तो काय काय करून घेतो ते तुम्हाला माहितीये, सप्तक फिरून येतो, एखादी तान टाकतो, रागाची ओळख करून देतो. इथे तसं काहीच नाही. तो माणूस तीच आकृती ठेवतो, जवळजवळ तशीच, आणि मग सॅक्सोफोन आत येतो. मुख्य म्हणजे सॅक्सोफोन आल्यावरही ती आकृती बंद होत नाही, खाली चालूच राहते, आणि त्यामुळे असं वाटतं की हा पियानो कुणाच्या तरी येण्याची वाट बघत होता आणि पाहुणा आल्यावरही त्याने आपलं काम तसंच चालू ठेवलंय.

मी हे तीन-चार वेळा ऐकलं आणि मला अक्षरशः झोप लागेना. कारण मी वीस वर्षं संगत करतोय आणि संगत म्हणजे काय याचं माझं उत्तर एकच होतं, गायकाच्या मागे राहायचं. त्याने जे घेतलं ते अर्ध्या क्षणाने मागून घ्यायचं, सावलीसारखं, आणि तो श्वास घ्यायला थांबला की आपण त्याचीच शेवटची जागा भरून द्यायची म्हणजे पोकळी दिसत नाही. आम्हाला शिकवलंच तसं, आणि ते चूक नाहीये. पण एलिंग्टन कोल्ट्रेनच्या मागे जातच नाही. तो त्याला काहीतरी देतो आणि बाजूला होतो.

मग मी जमेल तेवढं वाचायला लागलो. रेकॉर्डिंग झालं २६ सप्टेंबर १९६२ ला, न्यू जर्सीमध्ये एंगलवुड क्लिफ्स म्हणून जागा आहे तिथे, रूडी व्हॅन गेल्डर नावाच्या रेकॉर्डिस्टच्या स्टुडिओत. हा व्हॅन गेल्डर आधी लोकांचे डोळे तपासायचा, चष्म्याचे नंबर काढून द्यायचा, आणि रेकॉर्डिंग करायचा आईवडिलांच्या घरातल्या दिवाणखान्यात. १९५९ मध्ये त्याने हा उंच लाकडी छताचा स्वतःचा स्टुडिओ उभा केला. दिवसा पोटापाण्याचं काम आणि उरलेल्या वेळात संगीत हे तिकडेही होतं हे वाचून मला फार बरं वाटलं.

एलिंग्टन तेव्हा ६३ वर्षांचा होता, जॅझमधला सगळ्यात मोठा बंदिशकार म्हणा, चाळीस वर्षं स्वतःची ऑर्केस्ट्रा चालवणारा. आणि त्या वर्षी तो काय करत होता बघा, ऑगस्टमध्ये सॅक्सोफोनवाल्या कोलमन हॉकिन्सबरोबर रेकॉर्ड, १७ सप्टेंबरला बेसवाला चार्ल्स मिंगस आणि ड्रमर मॅक्स रोच या दोन धगधगत्या माणसांबरोबर 'मनी जंगल', आणि त्यानंतर नऊ दिवसांनी हे. कोल्ट्रेनला ३६ पूर्ण होऊन तीनच दिवस झाले होते. तो तेव्हा एकदम वेगळ्या वाटेवर होता, एकेक राग आळवावा तसं वीस-वीस मिनिटं वाजवायचा, आणि १९६१ मध्ये 'डाउन बीट' या मासिकात त्याच्या वाजवण्याला चक्क अँटी-जॅझ म्हटलं गेलं होतं. म्हणजे एकीकडे सगळ्यांनी मान्य केलेला बुजुर्ग आणि दुसरीकडे ज्याच्यावरून भांडणं चालू आहेत असा तरुण, दोघांत २७ वर्षांचं अंतर. बॉब थील या निर्मात्याने त्यांना एकत्र बसवलं. बेस आणि ड्रम्सवाले दोघांच्याही घरचे आणले होते, काही गाण्यांना एलिंग्टनची माणसं, काहींना कोल्ट्रेनची. आणि या एका गाण्यात तर बेसवाला एलिंग्टनचा आणि ड्रमर कोल्ट्रेनचा आहे, म्हणजे दोन्ही घरांतून एकेक.

तुलना करायची तर, एखाद्या जुन्या जाणत्या बुवांनी आपलीच बंदिश तरुण गायकाला गायला द्यावी आणि स्वतः त्याच्यामागे पेटी घेऊन बसावं, असं काहीसं आहे हे. मी असं आमच्याकडे कधी बघितलेलं नाही.

आता धून. जॅझमध्ये 'स्टँडर्ड' म्हणतात ती गोष्ट आपल्याला समजायला अजिबात अवघड नाही, एकच बंदिश दहा जण गातात तसं, गाणं सगळ्यांना पाठ असतं आणि मजा ते कोण कसं मांडतो यात असते. हे गाणं एलिंग्टनने १९३५ मध्ये केलं. तो स्वतः त्याची गोष्ट सांगायचा की नॉर्थ कॅरोलिनातल्या डरहॅमला कार्यक्रमानंतर एका पार्टीत दोन मुलींचं बिनसलं होतं, त्यांना शांत करायला एकीला या बाजूला एकीला त्या बाजूला बसवून त्याने पियानोवर हे तिथल्या तिथे केलं. शब्द नंतर चढले.

मला धून पेटीवर काढायची होती. छापील नोटेशनमध्ये हे गाणं पांढरी चारमधलं, म्हणजे पेटीवरच्या चौथ्या पांढऱ्या पट्टीला सा धरून, आहे, म्हणून पांढरी चारला सा धरला आणि पहिली ओळ शोधली. आणि सापडली तेव्हा मी भाता मारायचाच थांबलो. सा रे ग प ध सा रे. सरळ चढण, मध्यम नाही, निषाद नाही, वरच्या रिषभावर जाऊन उभी. भूप राग! अगदी पहिल्या वर्षाला शिकवतात तो आरोह, आणि वर जाऊन रे वर थांबणं. मी बायकोला हाक मारली, तिला पण ऐकवलं, ती म्हणाली हो भूपच वाटतोय पण मग हे इतकं उदास का लागतंय?

तिचा प्रश्न बरोबर होता आणि त्याचं उत्तर शोधायला मला दोन आठवडे लागले. उत्तर असं की वरची ओळ भूप असली तरी खाली जो कॉर्ड आहे, म्हणजे एकदम वाजणाऱ्या सुरांचा गुच्छ, तो सा चा नाहीये, तो ध चा आहे. म्हणजे खालचं घर धैवतावर बांधलंय. भूपाचे तेच पाच सूर धैवताला सा मानून वाजवले तर काय होतं, मूर्च्छना करणाऱ्यांना माहितीये, धानी राग होतो, कोमल गंधार आणि कोमल निषाद. म्हणजे वर भूप आणि खाली धानी, दोन्ही एकाच वेळी, आणि कान ठरवू शकत नाही की आपण नक्की कुठे बसलोय. आणि ते कमी की काय म्हणून खालचा सूर एकेक पट्टी उतरत जातो, ध, मग कोमल ध, मग प, मग तीव्र म. वरची ओळ चढते आणि खालून जमीन हळूहळू उतरते. बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, मग उदास वाटणारच ना.

इथे एक गोष्ट मला स्पष्ट लिहायचीये. कोल्ट्रेनचं नाव निघालं की आपल्याकडे लगेच भारताचा विषय निघतो, आणि त्यात तथ्य आहेच, १९६१ मध्ये त्याने 'इंडिया' नावाची रचना वाजवली, पंडित रविशंकरांबद्दल त्याला फार आदर होता आणि १९६५ मध्ये झालेल्या मुलाचं नाव त्याने रवी ठेवलं. पण या गाण्यातला भूप हा आपला भूप नाही. पाच सुरांची ती चढण जगात सगळीकडे आहे, गर्शविन या अमेरिकन संगीतकाराच्या १९२६ च्या एका गाण्याची सुरुवातही अशीच चढते. एलिंग्टनने १९३५ मध्ये आपला राग घेतला असं कुणी म्हणायला लागलं तर मी त्याला थांबवेन. मला भूप ऐकू आला कारण माझा कान तिथे तयार झालाय, बस. त्या ओळखीने मला आत शिरायला दार मिळालं, पण घर त्यांचं आहे.

पेटीवर पुढची अडचण मोठी होती. पेटीला एक हात भात्याला लागतो. त्यामुळे वरची चढण आणि खालची उतरण एकदम वाजवायची तर हातच उरत नाही. मग मुलीला बसवलं. ती नववीत आहे, क्लासेस, अभ्यास, तिच्याकडे वेळ कमी, पण रोज रात्री जेवणानंतर दहा मिनिटं ती भाता मारायची आणि मी दोन्ही हातांनी वाजवायचो. सुरुवातीला भाता एकदम जोरात, सूर ओरडल्यासारखे यायचे. मी म्हणायचो हळू, ती म्हणायची बाबा मला कळत नाहीये तुम्ही कुठे आहात, मोजायचं कसं?

मग मोजायला मित्राला बोलावलं. तबलजी माणूस, त्याचा पहिला प्रश्न हाच की सम कुठाय. आम्ही दोघं जमिनीवर बसून हाताने मात्रा धरत बसलो. गाणं ३२ बारचं आहे, बारमध्ये चार मात्रा, म्हणजे एका फेरीच्या १२८ मात्रा. आठ-आठ बारचे चार तुकडे, पहिला, परत तोच, मग वेगळा, मग परत पहिला. आपल्या भाषेत स्थायी, स्थायी, अंतरा, स्थायी. हे एकदा कळलं की सगळं मोकळं झालं, १२८ मात्रांचं एक संथ आवर्तन आणि ती भूपाची चढण म्हणजे समेआधीचा मुखडा, वरचा रे समेवर. मित्र खूश झाला. तो म्हणाला की ड्रम्सवाला वर वर संथ दिसतो पण त्याच्या आत दुप्पट लय चाललीये, बारीक, कुणाला त्रास न देता, जसं विलंबितात चांगला तबलजी ठेक्याच्या पोटात भरत राहतो तसं. मला ते त्याने दाखवेपर्यंत ऐकूच आलं नव्हतं. एल्विन जोन्स म्हणजे एरवी वादळ, कोल्ट्रेनच्या लांबलचक वादनांत तो समुद्रासारखा उसळतो, आणि इथे तोच माणूस एवढा जपून.

अंतऱ्यात दुसरा धक्का. तिथे सा च बदलतो. पांढरी चारमधलं गाणं सरळ काळी एकमध्ये जातं. आपल्याकडे एकदा तानपुरा लागला की सा हलत नाही, तेच आपलं घर, आणि इथे गाण्याच्या मध्यावर घरच उचलून दुसरीकडे ठेवलं, आठ बार तिथे राहून परत आणलं. पहिल्यांदा पेटीवर केलं तेव्हा बोटं तयार नव्हती, कान तर त्याहून नव्हता. पण दहा-बारा दिवसांनी असं झालं की अंतरा यायच्या आधीच मला त्याची ओढ लागायची. त्या जागी कोल्ट्रेन जे करतो ते सांगणं कठीण आहे. तो सुरांची गर्दी करत नाही, जवळजवळ धूनच वाजवतो, आवाज कोरडा आणि सरळ, कंप अगदी कमी, पण वरच्या पट्टीत गेल्यावर सुराच्या टोकाला काहीतरी थरथरतं. गायक रडत नाही पण गळा दाटलाय असं कधी कधी होतं बघा, ते. ज्या माणसाला लोक फार सूर वाजवतो म्हणून नावं ठेवत होते त्याने इथे मोजके सूर वाजवले.

यात एक जुना धागा पण आहे. एलिंग्टनच्या ऑर्केस्ट्रात जॉनी हॉजेस होता, आल्टो सॅक्सोफोनवर गळ्यासारखी मींड घेणारा. १९५४ मध्ये कोल्ट्रेन काही काळ याच हॉजेसच्या बँडमध्ये होता. म्हणजे तो एलिंग्टनच्या घराण्याच्या अंगणात आधी येऊन गेलेला होता. पण तो इथे हॉजेससारखं वाजवत नाही, आणि एलिंग्टन पण त्याला तसं वाजवायला लावत नाही, हे मला फार मोठं वाटतं.

या काळात मी त्याच गाण्याची बाकीची रेकॉर्डिंग्ज पण ऐकली. १९३५ चं मूळ ऑर्केस्ट्राचं, त्यात धून हातोहात फिरते, छान आहे, जरा नटलेलं. सॅक्सोफोनवाल्या सनी रॉलिन्सने १९५३ मध्ये मॉडर्न जॅझ क्वार्टेटबरोबर वाजवलेलं, ते जास्त भरदार. एला फिट्झजेराल्डने नुसत्या एका गिटारवर गायलेलं, ते मी बायकोसाठी राखून ठेवलंय कारण तिला तेच सगळ्यात आवडतं आणि त्यावरून आमच्यात वाद होतात. तिचं म्हणणं शब्दांशिवाय गाणं अर्धं. मला ते पटत नाही, पण एलाने तो वरचा रे ज्या सहजतेने लावलाय त्यापुढे मी काही बोलत नाही.

मग माहीमची संध्याकाळ. मित्राच्या ओळखीचे एक अंकल आहेत, मूळ गोव्याचे, सत्तरीच्या पुढचे, त्यांचे वडील सॅक्सोफोन वाजवायचे, संध्याकाळी हॉटेलच्या बँडमध्ये आणि दिवसा हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला. मुंबईच्या जॅझचा अर्धा इतिहास या गोवेकरांच्या घरांत आहे, आणि हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्राचाही. अंकलकडे ही रेकॉर्ड होती, खरी, काळ्या तबकडीची. आम्ही चौघं गेलो, मी, बायको, मित्र आणि मुलगी. त्यांनी आधी चहा दिला, मग तबकडी कव्हरमधून काढली, कडेने धरून, बोट कुठेही न लावता, मऊ कपड्याने एकदा गोल पुसली आणि सुई ठेवायच्या आधी म्हणाले, "आता कोणी बोलायचं नाय. आयक."

फोनवर कितीही चांगले हेडफोन लावले तरी एक गोष्ट मला तोवर कळलेली नव्हती, ती खोलीत ऐकताना कळली. बेस. बेसवाला पायाखालून चालत होता, जमिनीतून यायचा, आणि त्यामुळे पियानोच्या मोकळ्या जागा मोकळ्या राहतच नव्हत्या, त्या जागांमध्ये बेस होता, ड्रम्सचा सळसळाट होता, आणि सॅक्सोफोनच्या सुराचं शेपूट होतं. म्हणजे एलिंग्टन जागा सोडतो ती कुणासाठी तरी सोडतो. मी इतके दिवस त्याला एकट्याला ऐकत होतो म्हणून मला ती रिकामी वाटत होती.

गाणं संपलं, ती सुरुवातीची आकृती परत आली आणि विरली, तरी अंकल सुई उचलायला उठले नाहीत, पुढचं गाणं सुरू झालं तेव्हा उठले. मग बोलायला लागले. त्यांचं म्हणणं असं की लोक म्हणतात इथे कोल्ट्रेन एलिंग्टनसमोर दबून वाजवतोय, ते साफ चूक आहे. दबलेला माणूस जास्त वाजवतो, घाबरून भरत सुटतो. हा थांबतोय म्हणजे याला भीती नाहीये. मी विचार केला, आणि माझ्या स्वतःच्या अनुभवात हे शंभर टक्के खरं आहे, मोठ्या गायकाच्या मागे पहिल्यांदा बसलो होतो तेव्हा मी एक क्षण बोट उचललं नव्हतं.

अंकलनीच सांगितलं की कोल्ट्रेनला एकेक गाणं पुन्हा पुन्हा घासायची सवय होती, आणि या रेकॉर्डच्या वेळी एलिंग्टनने त्याला ते करू दिलं नाही, पहिल्यांदा झालं ते झालं. कोल्ट्रेनने नंतर सांगितलं होतं की मला संधी मिळाली असती तर मी ही सगळी गाणी परत केली असती, पण मग ती उत्स्फूर्तता राहिली असती की नाही कुणास ठाऊक, अशा अर्थाचं. तो स्वतःबद्दल कधीच समाधानी नसायचा म्हणतात. १९६७ च्या जुलैमध्ये तो गेला, चाळीस वर्षांचा. एलिंग्टन त्याच्यानंतर सात वर्षं होता.

आणि एलिंग्टन मुंबईला येऊन गेलाय. १९६३ मध्ये, म्हणजे हे रेकॉर्ड केल्याच्या पुढच्याच वर्षी, अमेरिकन सरकारने त्याची ऑर्केस्ट्रा या बाजूच्या देशांच्या दौऱ्यावर पाठवली होती, त्यात मुंबई होती. अंकलचे वडील गेले होते ऐकायला. अंकल तेव्हा लहान, त्यांना नेलं नव्हतं, आणि इतक्या वर्षांनी सुद्धा ते सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं. वडील घरी येऊन काय म्हणाले असं मी विचारलं तर म्हणाले, "काय नाय बोलला. दुसऱ्या दिवशी रियाज लवकर सुरू केला, एवढंच."

आता जे सांगतो ते मला अजून बोचतं. माहीमहून आल्यावर मी भारून गेलो होतो, आणि पुढच्याच आठवड्यात एका कार्यक्रमात नाट्यपदाच्या साथीला बसायचं होतं. गाणाऱ्या ताई अनुभवी, आवाज सुरेख. मी ठरवून मागे मागे जायचं सोडलं. त्यांनी ओळ घेतली की मी एखादा सूर ठेवायचो आणि थांबायचो. पहिल्या अंतऱ्यानंतर त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. दुसऱ्या वेळी परत बघितलं, आणि एक तान त्यांची अर्धी राहिली, समेवर आल्या पण चेहरा उतरलेला. कार्यक्रम झाल्यावर त्या रागावल्या नाहीत, शांतपणे म्हणाल्या, "दादा, आज पेटी कुठे गेली होती? मला वाटलं तुम्हाला बरं नाहीये." मी त्यांची माफी मागितली.

घरी येऊन नीट विचार केला तेव्हा लक्षात आलं की मी अर्धंच ऐकलं होतं. कोल्ट्रेनच्या खाली बेस आहे, ड्रम्स आहेत, ३२ बारचं गाणं दोघांच्या अंगात भिनलेलं आहे, तो कुठे आहे हे त्याला पियानोने सांगायची गरज नाही. ताईंच्या मागे मी होतो आणि तबला होता, बस, त्यांच्या ताना माझ्या सुराला टेकून उभ्या राहतात. तिथे मी हात काढून घेणं म्हणजे जिन्याचा कठडा काढून घेणं. एलिंग्टनची पद्धत मी नुसती वरवर उचलली होती. आता मी ताईंच्या मागे आधीसारखाच वाजवतो, एक फरक सोडून. त्या श्वासाला थांबल्या की पूर्वी मी सगळी जागा भरायचो, आता अर्धी भरतो. त्यांच्या ते लक्षात आलंय का माहीत नाही, पण त्या हल्ली तिथे जरा जास्त वेळ थांबतात.

पेटीवरची गाडी मात्र एका जागी अडली होती. ती सुरुवातीची आकृती. सूर बरोबर होते, लय बरोबर होती, तरी ते जमत नव्हतं, आणि कारण मला माहीत होतं. पियानोचा सूर वाजला की लगेच मरायला लागतो, हातोडी तारेवर पडते आणि तिथून पुढे फक्त उतार. एलिंग्टनची शांतता त्या सुराच्या पोटातच आहे. पेटीचा सूर तसा मरत नाही, पट्टी दाबलेली आहे तोवर तो तेवढाच्या तेवढा उभा, आणि पट्टी सोडली की एकदम कापल्यासारखा बंद. मधलं काही नाहीच. मी मित्राला म्हटलं सोड, हे वाद्यच त्याचं नाही.

गेल्या रविवारी रात्री मुलगी भात्यावर होती, तिला झोप आली होती, दुसऱ्या दिवशी परीक्षा. मी आकृतीच्या शेवटच्या सुरावर होतो आणि तिने भाता मारायचा सोडूनच दिला, हात मांडीवर ठेवला. माझी बोटं पट्टीवर तशीच होती. आतल्या भात्यातली हवा जशी संपत गेली तसा सूर बारीक होत गेला आणि नाहीसा झाला. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. ती म्हणाली, "बाबा, परत?" मी मान हलवली. तिने दोनदा भाता मारला, हात काढून घेतला, आणि मी ते चार सूर त्या संपत जाणाऱ्या हवेत वाजवले.